रविवारी मावशी निघते तेव्हा

सकाळचे सहा वाजलेत, नवापूर तालुका, जिल्हा नंदुरबार. सुरत-भुसावळ लाईनवरून गाडी गेली की इथे कुणाला घड्याळ बघावं लागत नाही. मावशी अंगणात सूप घेऊन बसलीय, तूर पाखडतेय. नवापूरची तूरडाळ फेमस आहे, पण ही घरच्यापुरती.

नवरा गेला तेव्हा पोरं लहान होती, जमीन कोरडवाहू, पाऊस आला तर आला नाहीतर नाही, आणि वरून भावकीतले म्हणायला लागले की तू येशूच्या नादी लागलीस म्हणून हे असं झालं. विहिरीवर बायका बोलेनाशा झाल्या. मी विचारलं, मावशी, सोडून द्यावंसं नाही वाटलं? सूप काही थांबलं नाही. म्हणाली, "वाटलं ना भाऊ, रोज वाटे. पण सकाळ झाली का म्हशीचं दूध काढायचंच, तिथंच प्रार्थना होऊन जायची."

धीर म्हटलं की आपल्याला गप्प बसून सोसणारं माणूस दिसतं, मला ते अपुरं वाटतं. बायबलच्या नव्या करारात मूळ ग्रीक शब्द आहे हुपोमोने, खाली टिकून राहणं, म्हणजे अंगावर ओझं आहे तरी जागा न सोडणं. येशूचा संदेश गावोगावी नेणाऱ्या पौलाचंच बघा ना, करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तो आपला हिशोबच देतो, ५ वेळा एकोणचाळीस फटके, ३ वेळा छड्या, एकदा दगडमार, ३ वेळा जहाज फुटलं. आणि एवढं होऊनही पुढच्या गावाला निघालाच.

आपल्या महाराष्ट्रात पंडिता रमाबाई. कमी शिकलेल्या बायकांनाही वाचता यावं म्हणून साध्या मराठीत अख्खं बायबल करायला घेतलं, त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, वर्षानुवर्षं तेच काम. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी काम सोडलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला त्या स्वतः गेल्या आणि १९२४ मध्ये ते बायबल छापून आलं. रमाबाईंनीच केडगावला उभारलेल्या मुक्ती मिशनमधल्या बायका-मुलींनीच छापलं ते, हे मला फार मोठं वाटतं.

मावशी चौथी शिकलीय. बोट ठेवून एकेक शब्द वाचते, पानांच्या कडा तेलकट झाल्यात.

विहिरीवर बोलणं बंद केलेल्यांपैकी एकीचा नातू मागच्या पावसाळ्यात तापाने फणफणला होता, मावशी रात्रभर त्यांच्याकडे बसून पाण्याच्या पट्ट्या ठेवत होती. हे मावशीने सांगितलं नाही, त्या बाईनेच सांगितलं, आणि सांगताना तिचे डोळे भरून आले.

आता उपासनेची वेळ झालीय. बायबल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पिशवीला गाठ, चपला हातात, नाल्याला गुडघाभर पाणी आहे. पलीकडे जाऊन ती चपला घालते, वळून आम्हाला हाक मारते, "या लवकर भाऊ, पहिलं गीत सुरू होईल!"