मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर तेच, मग वेळ वेगळी का?

नमस्कार. मुंबई ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे १२,५५० किलोमीटर आहे. मोठे प्रवासी विमान ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडते, त्यामुळे साधा भागाकार केला तर उत्तर चौदा तास येते. तिकिटावरची वेळ मात्र त्याहून जास्त असते, आणि जाण्याची व येण्याची वेळही सारखी नसते.

आधी अंतराचा आकडा पाहू. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली, तर ती अरबस्तान, सहारा आणि अटलांटिकवरून जाते. पण त्या रेघेवरून प्रत्यक्ष उड्डाण केले, तर अंतर १४,००० किलोमीटरच्याही वर जाईल. आता पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. तो मुंबईहून वायव्येला, किंबहुना उत्तरेकडेच अधिक झुकून, पाकिस्तान, अफगाणिस्तान, कझाकस्तान, रशिया, फिनलंड, नॉर्वे आणि आइसलँड असा वर चढतो आणि ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाखालून कॅनडात उतरतो. १२,५५० हा आकडा या दोऱ्याच्या लांबीचा आहे.

मात्र या रेषेवर राजकारणही आहे. २०२२ मध्ये रशियाने अमेरिका, कॅनडा आणि युरोपीय संघाच्या विमान कंपन्यांना, तर एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आपले आकाश बंद केले. त्यामुळे एकाच मार्गावर कोणत्या देशाची कंपनी उडते, यावरही वेळ ठरू लागली. किलोमीटर सांगणारी संकेतस्थळे हा वळसा मोजत नाहीत, आणि माझ्या मते त्यांचा सर्वांत मोठा दोष हाच आहे.

दुसरे कारण वाऱ्याचे. साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतो आणि हिवाळ्यात तो अधिक जोर धरतो. समजा, संपूर्ण मार्गावर त्याचा सरासरी परिणाम ताशी ५० किलोमीटर धरला, तर जाताना विमानाचा जमिनीच्या संदर्भातील वेग ८५० होतो आणि सुमारे पावणेपंधरा तास लागतात. परतताना तो ९५० होतो आणि सव्वातेरा तास पुरतात. गंमत अशी, की जाताना साधारण ४९ मिनिटे गमावली जातात, पण येताना ४४ मिनिटेच परत मिळतात, कारण उलट्या वाऱ्यात विमान जास्त काळ राहते. याशिवाय तिकिटावरची वेळ गेटपासून गेटपर्यंतची असल्यामुळे धावपट्टीकडे जाण्याचा आणि रांगेत थांबण्याचा वेळही तिच्यात धरलेला असतो.

शेवटी घड्याळ. तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिक असतात. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ तास, तर हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. जुलैमध्ये रात्री एक वाजता मुंबईहून निघालेले विमान सोळा तासांनी उतरले, तर तिथे त्याच दिवशीचे सकाळचे साडेसात वाजलेले असतात. जानेवारीत हाच प्रवास तेवढ्याच वेळात झाला, तरी तिथले घड्याळ साडेसहाच दाखवील. तेव्हा घ्यायला येणाऱ्या नातेवाइकांना वेळ कळवताना महिना जरूर पाहावा.