चाकाच्या सांगण्यावर किती विसंबायचं?

मंडळी, झिरो माईलच्या गावात ‘मी नेमका कुठे आहे’ या प्रश्नावर बोलायला मिळतंय, याचा मला मनापासून आनंद आहे. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पाया घालणारा विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये नागपूरकडे येताना हिंगणघाटला वारला. त्या सर्वेक्षणाची एक सवय मला फार आवडते. साखळीने एक रेषा मोजायची, मग कोन मोजत त्रिकोणाला त्रिकोण जोडत जायचं. पण बरंच पुढे गेल्यावर पुन्हा साखळी काढून जमिनीवर रेषा मोजायची आणि गणित किती चुकलंय ते बघायचं. आमच्या पोरांच्या रोबोंना ही सवय कोणी लावत नाही, हीच माझी तक्रार.

प्रोजेक्टची तोंडी परीक्षा आठवा. काळ्या पट्टीवरून रोबो टोकाला पोचला की टाळ्या, मार्क, पुढचा ग्रुप. परीक्षक विचारतात काय, तर ‘चालतो ना?’ पट्टी काढा आणि मग विचारा! एका कॉलेजात एका मुलीने रोबो खरंच गेला ती वाट फरशीवर खडूने आखली होती आणि शेजारी चाकांच्या फेऱ्या मोजून रोबोने धरलेल्या हिशेबातली वाट. दोन्ही कुठे फाकतात ते टेपने मोजून वहीत मांडलं होतं. परीक्षकांनी वही उघडली नाही. गाडी वाकडी गेली म्हणून मार्क तेवढे कापले. मला अजून राग येतो.

अहो, त्या वाकडं जाण्यातच सगळं शिक्षण आहे. पिवळी बीओ मोटर, म्हणजे ती छोटी स्वस्त मोटर, आणि ६५ मिलिमीटरचं चाक तुम्ही सगळ्यांनी वापरलंय. समजा एक चाक दुसऱ्यापेक्षा एक टक्का मोठं, म्हणजे व्यासात जेमतेम ०.६५ मिलिमीटरचा फरक. चाकांमध्ये ३० सेंटिमीटर अंतर असेल, तर १० मीटर जाईपर्यंत रोबो १९ अंश वळतो आणि दीड मीटरहून जास्त बाजूला सरकतो. चाकांच्या फेऱ्या मोजणाऱ्या एन्कोडरचे आकडे मात्र दोन्हीकडे सारखेच! धुळीच्या फरशीवर चाक घसरतं ते वेगळंच. आणि स्लॅबखाली जीपीएसचा भरवसा नाही. मिळाला तरी चूक काही मीटरची, दार मात्र एक मीटरचं.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत. कबूल केलेला विषय, म्हणजे रोबोने आपली जागा कशी ओळखायची, तो भराभर सांगतो.

रोबोने एकच जागा धरून बसू नये. नकाशावर हजारभर जागा कल्पायच्या. चाकं फिरली की सगळ्या सरकवायच्या, जरा विस्कटून. लेझरने अंतर मोजणाऱ्या लायडारला भिंत दोन मीटरवर दिसली की जिथून ती तशी दिसेल त्या जागांचं वजन वाढवायचं, बाकीच्या हळूहळू गाळायच्या. हा पार्टिकल फिल्टर. १९९८ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात मिनर्व्हा हा रोबो लोकांना फिरवत असे. गर्दीने घेरलं की भिंती दिसत नाहीत, म्हणून त्याचा एक कॅमेरा छताकडे रोखलेला होता.

जागेचा अंदाज बांधायची दुसरी पद्धत, १९६०चा काल्मन फिल्टर, एका अंदाजाभोवतीची अनिश्चितता छान सांभाळतो. पण होस्टेलच्या दोन विंग हुबेहूब सारख्या असल्या की अंदाजांचे दोन घोळके होतात. तेव्हा घाई करून एक निवडायचा नाही, दोन्ही जपायचे. एकाच विंगमध्ये जिन्याशी कूलर ठेवलेला असेल, तर तो दिसला की दुसरा घोळका विरतो. गणित ज्यांना हवंय त्यांनी चहाच्या वेळी फळ्यापाशी या.