कापड सोडून बाकी सगळं

(फॅशन डिझाइनच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेवर विषय बराच भारदस्त छापलाय, 'कापडाखेरीजच्या साहित्याचे पोशाख आणि माणसाची ओळख' अशा अर्थाचा, पण मी थेट वाळक्या काटक्यांपासून सुरुवात करते.

१९९१ साली लॉस एंजेलिसमध्ये पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला रस्त्यात बेदम मारलं. कुणीतरी ते व्हिडिओवर टिपलं आणि ती फीत जगभर दाखवली गेली. शिकागोतला कलाकार निक केव्ह त्या घटनेने हादरला. तो स्वतः कृष्णवर्णीय. (याच नावाचा एक गायक आहे, तो हा नव्हे.) एका बागेत बसला असताना त्याचं लक्ष खाली पडलेल्या काटक्यांकडे गेलं. पायाखाली येणाऱ्या, कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या. त्याने त्या गोळा केल्या, लहान तुकडे केले, प्रत्येकाला भोक पाडलं आणि तारेने एका आतल्या पोशाखावर दाटीवाटीने बसवले. आपण शिल्प करतोय, असंच त्याच्या मनात होतं. पण ते अंगात घालून तो हलला आणि काटक्या एकमेकींवर घासून सळसळल्या. पुढे अशा पोशाखांची मोठी मालिकाच झाली. तिचं नाव 'साउंडसूट'.

आत शिरलेल्या माणसाचा रंग दिसत नाही, बाई की पुरुष कळत नाही, ऐपत कळत नाही. मात्र त्याने पाऊल उचललं की सगळ्यांच्या माना वळतात. ज्याच्याकडे कायम संशयाने पाहिलं जातं, तो माणूस इथे पूर्ण लपलाय आणि तरी त्याच्याकडे काणाडोळा करणं कुणाला शक्य नाही. ही दोन टोकं एकाच पोशाखात आली, आणि ती आणली काटक्यांनी. सुती कापडावर काटक्यांचं चित्र छापून हे होणार नव्हतं.

'ओळख' हा विषय दिला की वर्गात काय काय येतं, ते कुठल्याही शिक्षकाला पाठ असतं. कोंडल्यासारखं वाटतं, म्हणून तारेची जाळी. माणूस आतून तुटलाय, म्हणून फुटका आरसा. बातम्यांचा मारा होतो, म्हणून वर्तमानपत्राचा घेरदार झगा. यांना मी कोडी म्हणते, आणि कोड्याचं उत्तर शेजारच्या टिपणात लिहिलेलं असतं. टिपण बाजूला केलं की उरते फक्त अवघडून उभी असलेली मॉडेल. माझं म्हणणं इतकंच, की निवडलेल्या साहित्याने अंगाला काहीतरी करायला लावलं पाहिजे. चाल बदलली पाहिजे, आवाज झाला पाहिजे, बसायची पंचाईत झाली पाहिजे, भार कुठेतरी जाणवला पाहिजे. आपण कोण, ते बरंचसं आपण वावरतो कसे यात असतं, आणि पोशाखाला हात घालता येतो तो तिथेच.

फॅशन डिझायनर हुसेन चलायानचं उदाहरण घ्या. सायप्रसमधला, तुर्की सायप्रिऑट घरातला, १९७० चा जन्म. १९७४ मध्ये त्या बेटाचे दोन तुकडे झाले आणि दोन्हीकडच्या लोकांना राहती घरं सोडावी लागली. लंडनला सेंट्रल सेंट मार्टिन्स या कला-महाविद्यालयात शिकताना, १९९३ साली, पदवीच्या संग्रहासाठी त्याने कपडे लोखंडाच्या किसासकट बागेत पुरले आणि गंज चढल्यावर उकरून काढले. तेही छानच होतं, पण मला २००० सालचा त्याचा 'आफ्टरवर्ड्स' हा संग्रह जास्त मोलाचा वाटतो. रंगमंचावर साधी बैठकीची खोली. मॉडेल येतात, खुर्च्यांचे अभ्रे काढतात, आणि ते अंगावर चढवले की झाले ड्रेस. खुर्च्या मिटून होतात बॅगा. मधोमध गोल लाकडी टेबल आहे. त्याच्या मधलं झाकण काढून एक जण आत उभी राहते, कडा वर ओढते, आणि एकात एक बसवलेली लाकडी वर्तुळं उलगडून तिच्या कमरेभोवती घागरा तयार होतो. खोली रिकामी. घर सोडताना काय काय नेता येतं, या प्रश्नाचं हे उत्तर आहे आणि त्यात 'विस्थापन' हा शब्द कुणी उच्चारलेला नाही. ती मुलगी चालते, तेव्हा लाकडाचा घेर तिला सांभाळत न्यावा लागतो.

आता जरा हाताच्या कामाकडे वळू, कारण सगळी कल्पना शेवटी भोक कुठे पाडलंय यावर अडते.

डिझायनर पाको रबानने १९६६ साली पॅरिसमध्ये बारा पोशाख दाखवले आणि नावातच सांगून टाकलं, की आजच्या साहित्याचे हे पोशाख घालता येण्याजोगे नाहीत. त्याची आई बालेन्सियागा या नामवंत फॅशन डिझायनरकडे शिवणकामावर होती, आणि हा स्वतः शिकलेला वास्तुकला. सुई-दोरा बाजूला ठेवून त्याने प्लॅस्टिकच्या चकत्या धातूच्या कड्यांनी जोडल्या. हे तंत्र तुम्ही नक्की करून बघाल, म्हणून सांगते. भोक कडेच्या फार जवळ पाडलं तर चकती तिथेच तडकते. कडीचं तोंड उघडताना दोन्ही टोकं बाहेर ताणू नका, पकडीने एक पुढे आणि एक मागे अशी मुरडा, म्हणजे कडीचा गोल बिघडत नाही. तोंड पक्कं मिटवा आणि अंगाच्या विरुद्ध बाजूला ठेवा, नाहीतर केस अडकतात, कातडी ओरबाडते. आणि माप घेण्याआधी पोशाख रात्रभर डमीवर टांगून ठेवा. सगळं वजन खांद्यावर येतं, कड्या ओढल्या जाऊन जागेवर बसतात आणि लांबी वाढते. उरेप, म्हणजे तिरक्या कापलेल्या, कापडाचा घेर सुटतो तसंच हे, फक्त बरंच जड. कागदाचं उलट. तिथे मशीनची टीप लांब ठेवा. बारीक टीप घातली की पोस्टाच्या तिकिटासारखा कागद त्या भोकांवरून सरळ फाटतो.

पण फाटणं हेही काही वेळा काम असतं. ब्रिटिश डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीनच्या २००१ च्या 'व्हॉस' संग्रहात लांबट शिंपल्यांचा ड्रेस होता आणि मॉडेलने तो चालता चालता ओरबाडून शिंपले खाली पाडले. ते फुटण्यासाठीच होते.

बेल्जियन डिझायनर मार्टिन मार्जेलाने फुटक्या चिनी मातीच्या बशा तारेने जोडून जाकीट केलं. त्याच्या कपड्यांना नावाचा शिक्का नसे. कोरी पांढरी पट्टी चार टाक्यांनी टाचलेली, आणि ते टाके पाठीवर बाहेरून दिसत. स्वतः तो कॅमेऱ्यापुढे येणं कटाक्षाने टाळायचा. आता गंमत अशी, की नाव लपवायला घातलेले ते चार टाके जाणकार लांबून ओळखायला लागले.

याच्या अगदी उलट टोकाला आहेत अमेरिकेतल्या मंदीच्या काळातल्या, १९३० च्या दशकातल्या बायका. त्यांनी पिठाच्या आणि कोंबड्यांच्या खाद्याच्या सुती पोत्यांचे फ्रॉक शिवले. पोत्यावरची छापील अक्षरं भिजवून, घासघासून घालवायची, कारण हे पोतं आहे ते कुणाला कळू नये. गिरणीवाल्यांनी ते हेरलं आणि फुलाफुलांच्या छापाची पोती काढली, लेबलही धुतल्यावर निघून जाईल असं. त्या बायकांना साहित्य निवडायची मुभा नव्हती. आज पोत्याचा ड्रेस रॅम्पवर येतो तेव्हा त्यावरची अक्षरं मुद्दाम राखली जातात. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण ज्याचा नाइलाज होता त्याचं साहित्य तुम्ही हौस म्हणून उचलताय, एवढं भान असू द्या आणि ते कामात दिसू द्या.

प्रदर्शनाच्या आधी एक चाचणी करा. पोशाख स्वतः घालू नका, मैत्रिणीलाही देऊ नका, तिला तुमची कल्पना आधीच माहीत असते. ज्याला काहीच सांगितलेलं नाही, अशा वेगळ्या बांध्याच्या माणसाला घाला. त्याला जिना चढायला सांगा, खुर्चीत बसायला सांगा, वाकून जमिनीवरचं पेन उचलायला सांगा. कुठे थांबतो, कुठला हात आखडता घेतो, काय आवाज होतो, ते वहीत टिपा. मग त्यालाच विचारा, यात असताना तू स्वतःला कोण वाटलास? 'काही नाही, जरा गरम होतंय' असं उत्तर आलं तर कड्या सोडवा आणि पुन्हा बसा.