झाकणावर लिहिलेली वेळ

(दृश्य : सभागृहाचं मागचं दार. टेम्पोतून स्टीलचे डबे उतरत आहेत.)

दुपारचे पावणेदोन. गोव्यात फोंड्याकडच्या एका सभागृहात लग्नाची शेवटची पंगत उठली आहे. पुढच्या दारी पाहुणे निरोप घेत आहेत, मागच्या दारी अन्नपेढीचे, म्हणजे उरलेलं अन्न गोळा करून गरजूंना पोचवणाऱ्या संस्थेचे, तिघे स्वयंसेवक आले आहेत. "किती उरलं?" हे ते नंतर विचारतील. आचाऱ्याला पहिला प्रश्न असतो, "भात कितीला उतरवला?"

"साडेबाराला."

ती वेळ कागदी पट्टीवर लिहून झाकणावर चिकटवली जाते. पुढची सगळी धावपळ त्या आकड्याची आहे.

शिजलेला भात गरीब दिसतो, पण तसा नसतो. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की वाढतात आणि विष सोडतात, आणि ते विष पुन्हा उकळून जात नाही. म्हणून "गरम करून वाढा की!" हा सल्ला कितीही मायेनं दिला तरी इथे उपयोगाचा नाही. अन्न ६० अंशांच्या वर हवं, नाहीतर ५ अंशांच्या खाली. मधल्या पट्ट्यात सगळे मिळून ४ तास. भात कधी निवायला लागला ते कुणीच पाहिलेलं नसतं, त्यामुळे चुलीवरून उतरवल्यापासूनच घड्याळ धरायचं. म्हणजे साडेचारच्या आत घास पोटात गेला पाहिजे.

(दृश्य, जवळून : थर्मामीटरची सळई भातात शिरते.)

नवा माणूस पातेल्याच्या मधोमध सळई खुपसतो, ६८ अंश बघून खूश होतो. जाणता कडेला आणि वरच्या थरातही बघतो. तिथे ५२ निघतात. खरा आकडा तोच.

आता निवड. पंगतीत फिरलेल्या बादलीतलं काही घ्यायचं नाही, डाव न लागलेल्या पातेल्यातलंच घ्यायचं. भात घेतला. वरण घेतलं. सुकी भाजी घेतली. सोलकढी आणि मणगणं (हरभऱ्याच्या डाळीची गुळाची खीर) मागेच ठेवलं, कारण दोन्हींत नारळाचा रस, आणि मणगण्यातही तो शेवटी घालून फारसा उकळत नाहीत. गोव्याच्या दमट उन्हात सगळ्यात आधी आंबतं ते हेच. खतखत्याचं, म्हणजे नारळ घातलेल्या मिश्र भाज्यांच्या रश्शाचं, मात्र प्रत्येक वेळी भांडण होतं. ते दुसऱ्या दिवशी जास्त लागतं, हे खरंच. पण घरी रात्री उकळी काढून ठेवलेलं खतखतं वेगळं, मांडवात तीन तास झाकून राहिलेलं वेगळं.

यजमान हात जोडतात, "अहो, लग्नघरचं अन्न टाकायचं कसं?" कॅमेऱ्याला वाढणारे हात आवडतात. आम्हाला विचाराल तर या कामातला सगळ्यात कसबी क्षण हा आहे : समोरच्याचं मन न दुखवता, भरलेलं पातेलं नाकारणं.

२० लिटरचा डबा वर चार बोटं मोकळा सोडून भरतात. त्यात साधारण १४ किलो भात मावतो, पन्नासेक माणसांचं जेवण. काठोकाठ दाबला तर झाकण बसत नाही आणि भाताचा गोळा होतो. वरणाला कडी लावून बंद होणारा कॅन लागतो, नाहीतर पहिल्याच गतिरोधकावर अर्धं वरण टेम्पोला! प्रत्येक पदार्थाचा नमुना वेगळ्या डबीत काढून ठेवायचा, कुणी दिलं, किती दिलं, कुठे गेलं, ते वहीत लिहायचं. उरलेल्या अन्नाच्या वाटपाचे एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, नियम २०१९ साली आले, १ जुलै २०२० पासून लागू झाले. वही त्याआधीही हवीच होती.

निम्मे डबे जवळच्या मजुरांच्या वस्तीवर उतरतात. बाकीचे बाणस्तारीचा पूल ओलांडून बांबोळीला, गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) दाखल असलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी. त्यांत सिंधुदुर्गाहून आलेलेही बरेच. पुलावर वाहनं तुंबली की मागे बसलेला स्वयंसेवक झाकणावरची वेळ पुन्हा वाचतो.

(दृश्य : पाऊस. कोठाराचं दार.)

जूनमध्ये लग्नं आटोपतात, डबे रिकामे राहतात. १ जूनपासून ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद, बांधकामं मंदावलेली, रोजंदारी तुटलेली. नेमकी तेव्हाच मागणी वाढते. तेव्हा काम कोठारात. उकड्या तांदळाची पोती फळ्यांवर, जमिनीपासून अर्धा फूट आणि भिंतीपासून हातभर दूर. भिंतीला टेकलेलं पोतं आठवड्यात मागून काळं पडतं. जुना माल पुढे, नवा मागे. रवा सगळ्यांत आधी संपवायचा, त्यात जाळी धरते. चवथीला आणि दिवाळीला पोह्यांचे ढीग येतात. तेल आणि तूरडाळ मात्र कुणी सहसा आठवणीनं देत नाही.

(दृश्य : नळाखाली डबे.)

संध्याकाळी साडेपाच. शेवटचं काम घासण्याचं, आणि त्याला फारसं कुणी थांबत नाही. साबण, उकळतं पाणी, मग डबे पालथे घालून कोरडे होऊ द्यायचे. फडक्यानं पुसले तर फडक्यातलं सगळं पुन्हा आत. आचाऱ्याची उसनी आणलेली दोन पातेली वेगळी काढली आहेत. झाकणं मोजली जातात. एक कमी आहे. टेम्पोच्या सीटखाली बॅटरी मारून शोध चालू आहे, कारण ते झाकण परत गेलं नाही तर पुढच्या लग्नाला आचारी फोन करणार नाही.