विजेरीच्या झोतातली धूळ

(अंधारलेली खोली. विजेरीचा आडवा झोत. यंत्र बंद.)

ही खोली स्वच्छ आहे, असे आम्ही दोन वर्षे धरून चाललो होतो. टेबल झाडलेले असे, फरशी पुसलेली असे आणि व्हॅक्यूम क्लीनरचा डबा प्रत्येक कामानंतर रिकामा केला जात असे. एका संध्याकाळी दिवे मालवून विजेरी सीएनसी राउटरच्या, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने फिरत्या कटरने फळी कोरणाऱ्या यंत्राच्या, टेबलालगत आडवी धरली, तेव्हा झोताच्या वाटेत जे तरंगताना दिसले, ते आता तुमच्यासमोर आहे. यंत्र थांबून त्या वेळी वीस मिनिटे उलटली होती.

हवेतले कण असे पाहण्याची रीत जुनी आहे. भौतिकशास्त्रज्ञ जॉन टिंडल यांनी १८७० मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये श्रोत्यांसमोर विजेच्या दिव्याचा झोत टाकून, निर्मळ वाटणारी हवा किती धुळकट असते हे दाखवले होते. झोतात चमकणारे कण खाली का बसत नाहीत, याचे उत्तर त्यांच्या आकारात आहे. पाण्याइतक्या घनतेचा १० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण स्थिर हवेत एक मीटर खाली यायला पाच-सहा मिनिटे घेतो, तर १ मायक्रॉनच्या कणाला त्याच अंतरासाठी जवळपास आठ तास लागतात. केरसुणीच्या हाती लागतो तो भुसा; ही धूळ तिच्या हाती कधीच लागत नाही.

(एमडीएफवर खोबण कोरली जात आहे. अगदी जवळून.)

ही १८ मिलिमीटर जाडीची एमडीएफ फळी आहे. लाकडाचे तंतू सुटे करून, त्यांत रेझिन मिसळून आणि ते दाबून ही फळी बनते, त्यामुळे कटरखाली तिच्या ढलप्या निघत नाहीत, पीठ निघते. कटर फिरवणारा स्पिंडल मिनिटाला १८,००० फेरे घेत आहे आणि ६ मिलिमीटर व्यासाच्या कटरची कड सेकंदाला साडेपाच मीटरहून अधिक वेगाने फिरत आहे. त्या वेगाने भिरकावलेले पीठ चित्रात डावीकडे उडताना दिसते, आणि व्हॅक्यूमची नळी आहे उजवीकडे.

ही नळी आम्ही स्पिंडलला प्लास्टिकच्या पट्टीने बांधली होती. तिचे तोंड कटरपासून चार बोटे दूर होते आणि तेवढे अंतर पुष्कळ जवळचे आहे, असा आमचा समज होता. हातभर अंतरावरची मेणबत्ती फुंकरीने विझते, परंतु तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढून ती विझवून पाहावी. बाहेर फेकलेली हवा एका दिशेने दूरवर जाते. ओढली जाणारी हवा मात्र चहूबाजूंनी येते, आणि म्हणून नळीच्या तोंडापासून नळीच्याच व्यासाइतक्या अंतरावर हवेचा वेग तोंडापाशी असलेल्या वेगाच्या सुमारे दहा टक्क्यांवर आलेला असतो. आमच्या नळीचा व्यास अडीच इंच होता. चार बोटांवर तिच्यात काय जोर उरत असेल, हे चित्रातले पीठच सांगते.

या टप्प्यावर बहुतेक जण काढतात तोच निष्कर्ष आम्हीही काढला, की व्हॅक्यूमची मोटर मोठी हवी. मोठी मोटर आली, आवाज वाढला आणि झोतातली धूळ होती तशीच राहिली. ती दोन चित्रे इथे शेजारी ठेवली आहेत. कोणते आधीचे आणि कोणते नंतरचे, हे आम्हालाही फितीवरची तारीख पाहूनच ओळखता येते.

(स्पिंडलच्या खालच्या कडेशी धरलेला लोकरीचा धागा.)

खरे कारण या धाग्याने दाखवले. आमचा स्पिंडल हवेने थंड होणारा आहे; त्याच्या दांड्यावरच बसवलेला पंखा वरून हवा घेतो आणि खाली सोडतो. धागा कटरच्या दिशेने ताणलेला दिसतो, म्हणजे ज्या जागेवरून आम्ही धूळ ओढत होतो, त्याच जागेवर यंत्र स्वतः झोत मारत होते. यावरचा इलाज सोपा निघाला. पातळ प्लास्टिकच्या पत्र्याची एक कॉलर कापून ती स्पिंडलच्या खालच्या भागाभोवती बसवली आणि पंख्याची हवा बाजूला वळवली. अशी कॉलर हवेची वाट वळवते, अडवत नाही, याची खात्री करावी, कारण वाट अडली तर स्पिंडल तापतो.

आता डस्ट शू, म्हणजे कटरभोवती बसणारे, खाली ब्रशची झालर असलेले आणि धूळ ओढणाऱ्या नळीला जोडलेले आवरण. या माहितीपटाचा सर्वांत मोठा भाग आम्ही त्यालाच दिला आहे आणि त्याबद्दल आम्हाला संकोच नाही. सहा मिलिमीटर जाडीच्या पारदर्शक ॲक्रिलिकचे दोन तुकडे याच यंत्रावर कापले. वरचा तुकडा यंत्राला कायमचा जोडलेला आहे, तर खालचा चुंबकांवर बसतो, म्हणजे कटर बदलताना तो एका हाताने काढता येतो. काढायला त्रासाचा असलेला डस्ट शू आठवड्याभरात कपाटात जातो, हा स्वानुभव आहे. खालच्या तुकड्याच्या कडेने खाच कोरून तिच्यात ब्रशची पट्टी बसवली. पहिली झालर विरळ होती आणि पीठ तिच्या केसांमधून सरळ बाहेर येत होते. म्हणून दुसरी रांग अशी लावली, की पहिल्या रांगेच्या फटी तिच्या केसांनी झाकल्या जाव्यात. झालर पूर्ण हवाबंद असावी असे मात्र नाही. आत शिरायला हवाच नसेल तर धूळ वाहून नेणार कोण? केसांमधून सर्व बाजूंनी आत येणारी हवाच पिठाला बाहेर पडू देत नाही.

पहिला डस्ट शू स्पिंडलबरोबर खाली-वर होत असे. कटर खोल गेला की झालर फळीवर दाबली जाऊन बाहेर फाकायची आणि कटर उचलला की तीही अधांतरी राहायची. नवा डस्ट शू झेड अक्षाच्या, म्हणजे स्पिंडल खाली-वर नेणाऱ्या यंत्रणेच्या, न हलणाऱ्या भागाला जोडलेला आहे, त्यामुळे झालर फळीला टेकलेलीच राहते आणि कटर तिच्या आत स्वतंत्रपणे उतरतो. फळीची जाडी बदलली की उंची पुन्हा जुळवावी लागते. दोन मिनिटांचे हे काम आम्ही आनंदाने करतो.

(कडेचा काप. झालरीचा अर्धा भाग फळीबाहेर.)

कटर फळीच्या कडेशी येतो, तेव्हा अर्धी झालर हवेत लोंबकळते आणि त्या १८ मिलिमीटरच्या फटीतून धूळ निसटते. कामाच्या फळीभोवती त्याच जाडीच्या टाकाऊ पट्ट्या मांडल्या, की झालरीला टेकायला सलग पृष्ठभाग मिळतो. कटरची निवडही इथे जाणवते, कारण वर खेचणारा कटर भुसा डस्ट शूच्या तोंडी आणून देतो, तर खाली दाबणारा तो खोबणीतच ठासतो.

नळीबद्दल थोडक्यात सांगायचे, तर चार इंची नळीचे क्षेत्रफळ अडीच इंची नळीच्या अडीच पटींहून अधिक असते. भुसा वाहता राहण्यासाठी नळीत सेकंदाला सुमारे २० मीटर वेग लागतो, आणि पन्हाळीदार लवचीक नळी जितकी लांब, तितका तो वेग घटतो. आम्ही ती फक्त हलत्या भागापुरती ठेवून उरलेला मार्ग गुळगुळीत पाइपचा केला. कोरड्या हवेत प्लास्टिकच्या नळीवर स्थिर विद्युत साठून यंत्राचा संगणकाशी संपर्क तुटत असे. नळीतून तांब्याची तार ओढून तिला अर्थिंग दिल्यापासून ते थांबले.

(सायक्लोनच्या पारदर्शक शंकूत फिरणारा भुसा. पंधरा सेकंद निवेदन नाही.)

धूळ वेगळी करणाऱ्या या शंकूच्या रचनेचे पेटंट अमेरिकेत १८८५ मध्येच दिले गेले होते. हवा कडेने आत शिरून गरगर फिरते, जड कण भिंतीला लागून खालच्या डब्यात उतरतात आणि हलकी हवा मधल्या नळीतून वर निघून जाते. आमचा सायक्लोन सुरुवातीला काहीच पकडत नव्हता आणि दोष झाकणात होता. झाकणाच्या कडेला नखही शिरणार नाही एवढी फट होती, पण आत हवेचा दाब कमी असल्यामुळे बाहेरची हवा तिथून शिरून खाली बसलेली धूळ पुन्हा वर उचलत होती. कडेने फोमची पट्टी लावल्यावर डबा भरू लागला. मग एकदा नळी तुंबली आणि तोच प्लास्टिकचा डबा कागदी पेल्यासारखा आत चेपला; ते दृश्य आपोआप चित्रित झाले, म्हणून इथे आहे. आता डबा पत्र्याचा आहे. सायक्लोनमधून निसटणाऱ्या बारीक धुळीसाठी पुढे हेपा फिल्टर आहे, जो ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. तो नसता तर पकडलेली धूळ मोटरच्या मागच्या तोंडातून खोलीतच परतली असती.

(मास्कची आतली बाजू.)

लाकडाची धूळ माणसात कर्करोग निर्माण करते, असे वर्गीकरण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये केले आहे, आणि म्हणून एवढी व्यवस्था केल्यानंतरही मास्क चेहऱ्यावरच आहे.

(अंधार. तीच विजेरी, तोच कोन, तशीच फळी. काप संपून वीस मिनिटे.)

झोताच्या उजव्या कडेला जे थोडे कण दिसतात, ते काप चालू असतानाचे नाहीत. काम संपताच मोटर बंद करून डस्ट शू ओढून काढला, तेव्हा झालरीत अडकलेले पीठ उडाले. चुंबक सोडण्यापूर्वी मोटर आणखी अर्धा मिनिट चालू ठेवायची, ही सवय आम्ही या चित्रीकरणानंतर लावून घेतली.

(निवेदन समाप्त. झोत पाच सेकंद तसाच.)