बूस्टरच्या दिवशी सिस्टरनं काय बघावं

नमस्कार मंडळी. आज लहान मुलांमधल्या ऑटिझमबद्दल, म्हणजे स्वमग्नतेबद्दल बोलायचंय, आणि खरं तर आपल्या सिस्टर लोकांना त्यातलं किती माहीत असतं याबद्दल. मी इथे नाशिकमध्येच नर्सिंगच्या मुलींना शिकवत आले, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा आहे. डॉक्टरकडे मूल जातं ते आजारी पडल्यावर, पण सिस्टरकडे धडधाकट मूलसुद्धा जातं, लसीला. आणि १६ ते २४ महिन्यांत गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा बूस्टर असतो ना, नेमकी त्याच वयात ऑटिझमची लक्षणं ओळखू येतात. परत सांगते, दीड वर्षाचा बूस्टर आणि ऑटिझम ओळखायचं वय, दोन्ही एकच.

एक प्रसंग सांगते, मी प्रत्येक बॅचला सांगायचे. दिंडोरी तालुक्यातल्या एका गावात मुलींना घेऊन गेले होते, अंगणवाडीत लसीकरण होतं. ऑक्टोबर महिना, द्राक्षाच्या छाटण्या जोरात, त्यामुळे आया सगळ्या बागेत आणि पोरांना घेऊन आज्या आलेल्या. एका आजीबरोबर वीस-एक महिन्यांचा नातू होता. बाकीची पोरं सुई बघून रडतायत, आजीला बिलगतायत, आणि हा कोपऱ्यात खिचडीच्या पातेल्याचं झाकण गरगर फिरवतोय, गाल फरशीला टेकवून एका डोळ्यानं ते बघतोय, झाकण पडलं की परत फिरवतोय. आजी म्हणाली, "लई शांत हाय वो सिस्टर, कुनाला तरास नाय." तिथल्या एएनएम सिस्टर, म्हणजे गावच्या आरोग्यसेविका, जुन्या, अनुभवी. त्यांनी त्याच्या नावानं हाक मारली, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा टाळी वाजवून, पण पोरगं वळेना. माझी एक विद्यार्थिनी हळूच म्हणाली, मॅडम, याला ऐकू येत नसेल. सिस्टरनी मदतनीस ताईंना खूण केली, त्यांनी त्याच्या पाठीमागं बिस्किटाचा पुडा नुसता चुरचुरवला आणि हा पठ्ठ्या लगेच वळला! म्हणजे पुड्याचा आवाज येतो पण स्वतःच्या नावाला वळत नाही, हे त्या मुलींनी डोळ्यानं बघितलं, पुस्तकातलं पान विसरतील पण हे नाही विसरायच्या.

मग सिस्टरनी आजीला विचारलं, आजी, याला काही हवं असलं तर बोट दाखवतो का? आजी म्हणाली, "बोट नाय दाखवत, माझा हात धरतो अन् डब्यावर नेऊन ठेवतो, लई हुशार हाय." सिस्टर तिथे ऑटिझम हा शब्दच बोलल्या नाहीत. आजी म्हणाली याचा बाप बी तीन वर्षाचा झाल्यावर बोलला, तर म्हणाल्या, "असेल आजी, पण आपण वाट नको बघायला, एकदा दाखवून घेऊ." लस मात्र दिली, ती अडवली नाही. मुलींना म्हणाल्या घोळका करू नका, कुणाच्या तरी मोबाइलवर गाणं वाजत होतं ते बंद करायला लावलं, झाकण त्याच्या हातातच ठेवलं आणि मांडीत इंजेक्शन दिलं. संध्याकाळी आई बागेतून घरी आल्यावर तिला स्वतः फोन केला. पुढे कानाची तपासणी झाली, कान चांगले निघाले, मग जिल्ह्याच्या डीईआयसी केंद्रात, म्हणजे पोरांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणाऱ्या सरकारी केंद्रात गेला, थेरपी सुरू झाली. बऱ्याच महिन्यांनी मला सिस्टरचा फोन आला, मॅडम, तो आता डब्याकडे बोट दाखवतो.

एक मनातलं बोलून घेते, घरोघरी पोरांना "गप बस, नाहीतर सिस्टर सुई टोचेल" असं घाबरवतात ना, ते कृपा करून बंद करा. अशानं पोर सिस्टरला बघून आधीच किंचाळतं, मग तिनं त्याचं निरीक्षण करायचं कसं? आणि दुसरं म्हणजे तिच्या डोक्यावर रजिस्टरं, अ‍ॅपमधल्या नोंदी याचा एवढा ढीग आहे की पोराकडे दोन मिनिटं नीट बघायला तिला वेळ कुठून मिळणार, हे वरच्या लोकांनी ऐकावं.

तर लक्षात काय ठेवायचं? नाव आणि बोट. वर्षाचं मूल नावाला वळतं का, दीड वर्षाचं मूल एखादी गंमत आपल्याला दाखवायला बोट करतं का. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडत नाही, किंवा येत असलेले शब्द गेले, तर पाठवायचंच. एम-चॅट नावाची २० प्रश्नांची यादी आहे, १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी, आईवडील हो किंवा नाही एवढंच उत्तर देतात, तेवढ्यावरून निदान होत नाही पण कुणाला पुढे पाठवायचं ते कळतं. नायजेरियातल्या डॉक्टरांनी तर २००८ मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांना ऑटिझमची किती माहिती आहे ते तपासायला १९ प्रश्नांची चाचणीच तयार केली. आपल्याकडे आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्येच म्हसरूळला, घरातच आहे, नर्सिंगच्या प्रत्येक मुलीनं पास व्हायच्या आधी असं एखादं मूल जवळून बघितलेलं असावं असं मला फार वाटतं.

आणि लसीमुळे ऑटिझम होतो असं कुणी म्हणालं तर सिस्टरला ठामपणे नाही म्हणता आलं पाहिजे. लसीशी ऑटिझमचा संबंध जोडणारा १९९८ चा तो इंग्लंडमधला पेपर फक्त १२ मुलांवरचा होता, २०१० मध्ये तो मागे घेतला गेला, आणि नंतर डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांवर मुलं तपासली, संबंध सापडला नाही. लक्षणं आणि लस एकाच वयात येतात म्हणून आईला तसं वाटतं, तिच्यावर चिडू नका, समजावून सांगा.

बूस्टरला मूल आजीबरोबर किंवा शेजारणीबरोबर पाठवणार असाल तर लसीच्या कार्डात एक चिठ्ठी घालून द्या, किती शब्द बोलतो, नावाला वळतो का, बोट दाखवतो का. आणि सिस्टर, चिठ्ठी नसली तर आईला फोन लावून विचारा.