इंजिन न दिसणारी गाडी

(कॅलिफोर्नियात मराठी मंडळींच्या एका रविवारच्या बैठकीत दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

मंडळी, नमस्कार. बाहेर ती चंदेरी रंगाची छोटी गाडी उभी आहे, तिच्याबद्दल मघापासून मला दोनच प्रश्न विचारले गेलेत. पहिला, "केवढ्याला पडली?" बायको समोर बसलेली असताना त्याचं उत्तर मी देणार नाही. दुसरा, "सर्व्हिसिंग कुठे करता, डीलरकडे का?" आज त्यावरच बोलतो.

गाडी २००३ ची पोर्शे बॉक्स्टर एस. ३.२ लिटर, सहा सिलिंडर. हिला डिक्या दोन, एक पुढे, एक मागे, आणि इंजिन दोन्हींत नाही. ते सीटच्या मागे, मधोमध दडलेलं. मालकाच्या वाट्याला मागच्या डिकीतली दोन झाकणं येतात, एक ऑइलचं, एक कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं. लहानपणी शेजारच्या काकांच्या फियाटच्या बॉनेटमध्ये डोकं खुपसून आपण उभे राहायचो, ती सोय इथे नाही. कुणाच्या तरी शब्दावर विसंबावंच लागतं.

मी सुरुवातीला एका डीलरवर विसंबलो. चकचकीत फरशी, फुकट कॉफी, आणि शेवटी हातात तपासणीची यादी, सगळीकडे हिरव्या खुणा. कूलंटची टाकी, हिरवी खूण. आठवड्याभरात डिकीतून गोडसर वास यायला लागला. गालिचा उचलला तर खाली ओलं. टाकीला चीर गेलेली. या गाडीची ही टाकी तडकते, हे बॉक्स्टरवाल्यांत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तपासणाऱ्याने पातळी पाहिली असेल. गालिच्याखाली हात काही घातला नव्हता.

मी भांडायच्या तयारीने गेलो होतो. पण नंतर त्यांच्या कामाची पद्धत कळली आणि राग माणसावरून पद्धतीवर गेला. अमेरिकेत बऱ्याच डीलरांकडे मेकॅनिकला 'फ्लॅट रेट'ने पैसे मिळतात. पुस्तकात कामाला दीड तास लिहिलाय, तर दीड तासाचेच पैसे. तासात उरकलं तर फायदा त्याचा, चार तास लागले तर खोटही त्याचीच. नव्या गाडीत हा हिशेब बसतो. वीस वर्षं उलटलेल्या गाडीत बोल्ट गंजून बसलेले असतात, प्लास्टिकच्या क्लिपा हात लावताच तुटतात. म्हणजे ज्याने निवांतपणे काम करावं असं आपल्याला वाटतं, त्याला घाई केली तरच परवडतं. त्यासाठी कुणी लबाड असायची गरज नाही. आणि बॉक्स्टरची ही पिढी २००४ ला बंद झाली. आज तिथे पाना धरणारा मुलगा तेव्हा बालवाडीत असेल.

आता या इंजिनाचं दुखणं. आत एक मधला शाफ्ट आहे, त्याच्यामार्फत व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टच्या साखळ्या फिरतात. त्याच्या एका टोकाला, क्लचच्या बाजूला, बंद बेअरिंग आहे. आतलं ग्रीस काळाने धुऊन जातं आणि इंजिनाचं ताजं ऑइल सील आडवं आल्यामुळे नीट पोचत नाही. बेअरिंग फुटलं की टायमिंग चुकतं, पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात, इंजिन संपलं. याच बेअरिंगवरून इथे अमेरिकेत पोर्शेवर झालेला सामूहिक दावा २०१३ मध्ये मिटला. २००१ ते २००५ मधल्या गाड्या त्यात होत्या. दाव्यात गोळ्यांची एकच ओळ असलेल्या बेअरिंगचं बिघडण्याचं प्रमाण सुमारे ८ टक्के सांगितलं गेलं, आधीच्या दोन ओळींच्या बेअरिंगचं १ टक्का. माझं एका ओळीचं.

कंपनीने हे बेअरिंग कित्येक वर्षं सुटं विकलंच नाही. बिघडलं की डीलरकडे उपाय एकच, अख्खं इंजिन बदला. बेअरिंग बदलायची हत्यारं आणि सुटे भाग आधी बाहेरच्यांनी काढले. तेव्हा या कामात अनुभव कुणाचा जास्त, ते तुम्हीच सांगा.

क्लच बदलायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, आणि हे बेअरिंगही तेव्हाच हाताशी येतं. ती वेळ आली तेव्हा मी दोन ठिकाणी एकच प्रश्न विचारला : "गिअरबॉक्स खाली उतरवाल, तेव्हा आणखी काय काय बघाल?" डीलरचा सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर स्क्रीनकडे बघत म्हणाला, "क्लचचा सेट. आणखी काय?" दुसरा फक्त जर्मन गाड्या करणारा म्हातारा, गॅरेज म्हणजे एक लांबट शेड. त्याने हात पुसले आणि उलट मलाच विचारलं, "बेअरिंग कोणतं आहे? मागचं सील गळतंय का? फिल्टर शेवटचा कधी उघडून पाहिलास?" गाडी कुठे ठेवली हे सांगायला नको.

डीलरला मी सोडलेलं नाही, हेही सांगतो. किल्ली हरवली तर ती कोड करून घ्यायला तिथेच जातो. त्यांचं पार्ट्स काउंटर मला देवळासारखं आहे. अस्सल रबरी होज तिथून घ्यायची आणि शेडमध्ये बसवायची. पण 'चेक इंजिन'चा दिवा लागला की मी आधी म्हाताऱ्याकडे. एका मित्राच्या गाडीत ऑइल सेपरेटरचा, म्हणजे इंजिनातल्या वाफांतून ऑइल वेगळं करणाऱ्या भागाचा, पडदा फाटून हवा आत शिरत होती, आणि गाडीच्या कॉम्प्युटरने दाखवलेल्या बिघाडाच्या कोडवर विसंबून त्याचे दोन ऑक्सिजन सेन्सर बदलले गेले. रोग रेड्याला, औषध पखालीला.

आणखी एक, कॅलिफोर्नियावाल्यांसाठी. इथल्या कायद्याने कामाचा अंदाज आधी लेखी मिळायला हवा, आणि काम देतानाच मागितले तर काढलेले जुने भाग परत मागता येतात. डीलर असो वा शेड, मी मागतोच. लाजायचं नाही.

म्हणूनच ही पिशवी आणली आहे. माझ्या गाडीचा गेल्या महिन्यातला ऑइल फिल्टर आहे, पुढच्या रांगेपासून फिरवा. कागदाच्या घड्या उलगडा. काळं दिसतंय ते जळकं ऑइल, त्याची काळजी नको. एका घडीत बारीक चमकता कण सापडेल. सोबतचं चुंबक त्याला लावून बघा. चिकटत नाही ना? अ‍ॅल्युमिनियम आहे. चिकटला असता, तर ते पोलाद, कदाचित त्या बेअरिंगचंच, आणि मी आज बसने आलो असतो.